नववी ‘क’ची शांतता

नव्या आलेल्या एका शिक्षिकेला वर्ग गप्प कसा ठेवायचा हे मी शिकवलं, आणि तिची नोकरी जायची पाळी आणली.

यात माझा हेतू चांगला होता असं म्हणायची सोय आहे, पण ती मी घेणार नाही. हेतू चांगला नव्हता. हेतू एवढाच होता की स्टाफरूममध्ये कुणीतरी माझ्याकडे वही-पेन घेऊन बसल्यासारखं बसावं आणि मी बोलावं.

आमची शाळा वसईच्या पश्चिमेला, वटारकडे जाणाऱ्या रस्त्यावर. माध्यम मराठी. अर्धी मुलं आजूबाजूच्या गावातली, वाड्यांमधली, घरी एक बोली आणि शाळेत दुसरी बोलणारी. उरलेली स्टेशनकडच्या बिल्डिंगांतली, घरी आणि शाळेत दोन्हीकडे मोबाईलची हिंदी बोलणारी. मी इतिहास-भूगोल शिकवतो. अ आणि ब तुकड्या भरून जी मंडळी उरतात ती ‘क’मध्ये जातात, आणि नववी ‘क’ म्हणजे त्या उरलेल्यांचाही अर्क. पावसाळ्यात त्यांची अख्खी मागची रांग चिंचोटीच्या धबधब्यावर गेली होती आणि दुसऱ्या दिवशी रांगेतल्या सगळ्यांना एकच ताप आला होता. मराठीच्या बाई त्या वर्गातून आल्या की आधी गरम पाणी पीत. पीटीचे सर शिट्टी बदलून थकले. चित्रकलेच्या सरांनी तर एकदा मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, सरळ सांगितलं होतं की मला त्याऐवजी दोन पाचव्या द्या.

माझ्या तासाला मात्र नववी ‘क’ गप्प असायची.

गप्प म्हणजे अगदी गप्प. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, वर्ग रिकामा आहे. मी आत यायचो, “बसा” म्हणायचो, आणि फळ्याकडे वळून भारताचा नकाशा काढायला घ्यायचो. पुस्तकात न बघता. कच्छपासून खडू टेकवायचा आणि किनाऱ्याकिनाऱ्याने निघायचं, ते कन्याकुमारीला वळसा घालून थेट सुंदरबनपर्यंत, मधे खडू न उचलता. मग डोंगर, मग नद्या, मग बाजूला मुद्दे. अक्षर माझं सुंदर आहे, हे मी सांगायला नको, पण मी सांगतोच. नकाशा काढताना मी मागे वळून बघत नसे. लय बिघडते.

ह्या शांततेवर मी स्टाफरूममध्ये मोठा व्यवसाय चालवला होता. कुणाचा वर्ग ऐकत नाही, कुणाच्या तासाला पोरं बाकं वाजवतात, कुणाला पालक येऊन बोलून गेले, सगळ्यांना माझ्याकडे औषध होतं. विचारायच्या आधी होतं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर गणिताच्या बाई बसत. वटारच्याच, निवृत्तीला आलेल्या, मी नोकरीला लागलो तेव्हापासून मला ‘अरे’ म्हणणाऱ्या. मी कुणाला सल्ला देऊ लागलो की त्या डबा उघडून बसायच्या. एकदा म्हणाल्या, “तुझं प्रवचन चालू झालं की मला भूकच लागते बघ.” मी ती स्तुती समजलो.

त्या वर्षी विज्ञानाला नव्या बाई आल्या होत्या. सांगलीकडच्या. नायगावला खाडीच्या बाजूच्या एका टॉवरमध्ये मैत्रिणीबरोबर राहायच्या. शिक्षणसेवक म्हणून त्यांची मुदत संपत आली होती. आता मोठ्या बाई त्यांचा एक पाठ बघणार, शेरा देणार, आणि त्या शेऱ्यावर त्या कायम होणार किंवा गावी परत जाणार. कायम झाल्या तर धाकट्या भावाला इकडे कॉलेजला आणायचं, हे त्यांनी घरी कबूल करून ठेवलं होतं. हे सगळं आम्हाला माहीत होतं, कारण स्टाफरूममध्ये माहीत नसलेलं काही नसतं.

पण त्यांचा वर्ग गोंगाट करी. नववी ‘क’ला आम्ल आणि आम्लारीचा धडा होता, तर बाईंनी सांगितलं, घरून आंबट काय काय असेल ते आणा, आणि जास्वंदीची फुलं आणा. मुलांनी वाड्यांमधली जास्वंद ओरबाडून आणली. चिंच आणली, लिंबं आणली, चुना आणला, साबणाचे तुकडे आणले. एक पठ्ठ्या बाटलीतून घरची ताडी घेऊन आला. आंबट आहे बाई, म्हणाला, बाबा पण म्हणाले आंबट आहे. जास्वंदीच्या रसात ती ताडी ओतल्यावर रंग कसा बदलतो ते बघायला पंचेचाळीस डोकी एका टेबलावर पडली आणि जो आरडाओरडा झाला तो तिसऱ्या मजल्यावरच्या दहावीला ऐकू गेला. तिथे मोठ्या बाईंचाच तास होता.

मोठ्या बाईंनी नव्या बाईंना बोलावून एवढंच सांगितलं, “पुढच्या आठवड्यात तुमचा पाठ बघते. ह्याच वर्गात.”

मधल्या सुट्टीत त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. चेहरा उतरलेला.

“सर, तुमच्या तासाला ही पोरं कशी काय गप बसतात हो? मला सांगा की.”

ह्या वाक्याची मी किती वर्षं वाट बघत होतो! मी चहाचा कप बाजूला सरकवला. गणिताच्या बाईंनी डबा उघडला.

“हे बघा,” मी म्हणालो, “तुमची चूक एकच. तुम्ही प्रश्न विचारता.”

“विज्ञान हाय सर. प्रश्न तर विचाराय लागणारच.”

“तिथेच फसता. प्रश्न म्हणजे भिंतीला पाडलेलं भोक. एक पाडलंत की त्यातून सगळा बाजार आत येतो. तुम्ही फळ्याकडे वळा, आकृती काढा, मोठी काढा, मुद्दे लिहा. मुलांना उतरवून घेऊ दे. बोलायचं झालं तर फळ्याशी बोला. आणि तास सुरू करताना सरळ सांगा, सरांच्या तासाला बसता तसं बसा. माझं नाव घ्या खुशाल.”

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मान डोलावली. मग जरा थांबून म्हणाल्या, “पण मोठ्या बाईंना असं चालतंय का?”

“अहो, त्यांना गोंगाटाचाच तर त्रास आहे,” मी म्हणालो. “शांतता मिळाली की शेरा झालाच समजा.”

गणिताच्या बाई भाजीतला मसाला बघत होत्या. त्यांनी तेव्हा एक शब्द बोलायला हवा होता, असं मी नंतर त्यांना म्हणालो, आणि त्यावर मला जे मिळालं ते पुढे येईल.

पाठाच्या दिवशी मला तो तास मोकळा होता. गणिताच्या बाईंनाही. शहाणा माणूस अशा वेळी पेपर तपासतो. मी बाईंना म्हणालो, “चला, ऐकायला येता का?”

“काय ऐकायचं?”

“काहीच नाही. तेच ऐकायचं.”

आम्ही दोघं नववी ‘क’च्या बाहेर, व्हरांड्यातल्या पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभे राहिलो. डिसेंबर लागला होता, सकाळचा गारवा होता, आणि खाली मैदानात शेजारच्या चर्चचा माणूस नाताळच्या मांडवाचे बांबू उतरवून घेत होता. वर्गातून खरोखर आवाज नव्हता. फळ्यावर खडू चालल्याची टकटक तेवढी. मी गणिताच्या बाईंकडे बघून भुवई उडवली. बोटाने दाखवलं, ऐका. गवई आपल्या शिष्याचं गाणं ऐकवताना जसा मान हलवेल तशी मान हलवत मी उभा होतो. त्या वेळी मी कसा दिसत असेन, ते आठवलं की आजही मी आरशासमोरून लवकर निघतो.

मग एक बारीक आवाज आला. कर्र, कर्र. थांबला. पुन्हा कर्र.

“हे काय?” मी पुटपुटलो.

“कात्री,” गणिताच्या बाई म्हणाल्या. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

आतमध्ये खुर्ची सरकली. मोठ्या बाई शेवटच्या बाकाच्या मागे बसल्या होत्या, त्या उठल्या असणार. त्यांचा आवाज आला, “हे काय चाललंय?”

“चांदणी, मोठ्या बाई,” एका मुलीचा आवाज. अजिबात न घाबरलेला.

“विज्ञानाच्या तासाला?”

“बाईच बोलल्या ना, सरांच्या तासाला बसता तसं बसा. सरांच्या तासाला आम्ही हेच करतो.”

मी दारातून डोकावलो. डोकावायला नको होतं, पण पाय गेले. अख्ख्या वर्गाच्या मांडीवर पतंगाचे कागद होते. लाल, पिवळे, जांभळे. बाकांच्या खाली डिंकाच्या वाट्या, बांबूच्या सोललेल्या काड्या, दोऱ्याची रिळं. खिडकीजवळची मुलं कापसाची मेंढरं वळत होती. कोपऱ्यात, कपाटाआड, माणसाच्या उंचीच्या चांदणीचा सांगाडा भिंतीला टेकवून ठेवला होता. आमच्या शाळेत नाताळच्या आधी वर्गावर्गांची सजावटीची, म्हणजे चांदण्या आणि येशूजन्माच्या गोठ्याची, स्पर्धा असते. ख्रिस्ती मुलं, हिंदू मुलं, बिल्डिंगमधली मुलं, सगळी मिळून करतात. आणि नववी ‘क’ ती दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच करायला बसली होती. माझ्या तासाला. भूगोलाला मेंढरं आणि इतिहासाला चांदणीचे कोन, अशी त्यांनी वाटणी केली होती. मी कच्छपासून सुंदरबनपर्यंत जाईस्तोवर त्यांची एक बाजू चिकटवून व्हायची. त्याआधी काय करत होते हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

नव्या बाई फळ्यापाशी उभ्या होत्या. हातात खडू. फळ्यावर परीक्षानळीची मोठी, सुरेख आकृती. माझ्या सल्ल्याप्रमाणे मोठी.

मोठ्या बाईंनी त्यांना ऑफिसमध्ये बोलावलं. दारात मी दिसलो, तर म्हणाल्या, “सर, तुम्हीपण या.”

ऑफिसमध्ये मोठ्या बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “एवढा वेळ बसले मी. तुम्ही एक प्रश्न विचारला नाहीत. एका मुलाने हात वर केला नाही. ह्या बाईंना कायम करा, असं मी कशाच्या जोरावर लिहू?”

नव्या बाई बोटांवरचा खडू पुसत राहिल्या.

“आणि हे सरांच्या तासासारखं बसा, हे काय आहे? असं शिकवायला तुम्हाला सरांनी सांगितलं का?”

नव्या बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “नाही बाई. माझंच डोकं. सरांचा वर्ग शांत असतो म्हणून मुलांना तसं बोलले.”

मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या. “सर?”

समोर ढालींचं कपाट होतं. मी कपाटाकडे बघत होतो. आंतरशालेय कबड्डी, उपविजेते. वक्तृत्व, उत्तेजनार्थ. मी दोनदा वाचलं. आणि मग जे वाक्य माझ्या तोंडून गेलं ते असं: “मुलं फार खोडकर आहेत, बाई.”

एवढंच. कुणीही चिमटा न काढता, पूर्ण शुद्धीत मी हे बोललो. दोष नववी ‘क’वर टाकला. ज्या मुलीने मोठ्या बाईंना न भिता खरं सांगितलं, तिच्यावर टाकला.

“बरं,” मोठ्या बाई म्हणाल्या. “जा तुम्ही.”

स्टाफरूममध्ये परत आलो तर गणिताच्या बाई एकट्याच होत्या. त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून सगळं वाचलं असावं, तरी विचारलं, “सांगितलंस?”

“काय?”

“अरे काय म्हणजे? सल्ला तुझा होता, ते.”

मी खुर्चीवर बसलो. “वेळ तशी नव्हती.”

मग त्या जे बोलल्या त्यातलं अर्धं त्यांच्या गावच्या बोलीत होतं, आणि त्यातलं मला सगळं कळलं नाही, हे देवाचे उपकार. कळलेलं एवढं की माझ्यासारख्या माणसाला चुलीपाशीसुद्धा उभा करू नये. मी उलटून म्हणालो, “तुम्हाला माहीत होतं ना? कात्रीचा आवाज आला तेव्हा तुम्ही दचकला नाहीत. माहीत होतं तर मला बोलायचं नव्हतं?”

“माझ्याच वाडीतली पोरं ती. डिंक माझ्याच घरून मागून नेतात. बोलतात, उद्या सरांचा तास आहे, डिंक लागेल.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “आणि तुला काय बोलणार? इतक्या वर्षांत तू कुणाला काही विचारलंस? तू नुसता सांगतोस. ऐकायला कान लागतात, ते तू फळ्याला लावून ठेवलेत.”

त्या रागाने उठून गेल्या. पुढचा तास माझा होता, आठवी ‘अ’. मी फळ्याकडे तोंड करायच्या आधी मागे वळून बघितलं. पहिल्या बाकावरचा मुलगा दचकला आणि त्याने काहीतरी घाईने खिशात घातलं. काय ते मी विचारलं नाही. एका दिवसाला एवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या आधी मी मोठ्या बाईंकडे गेलो. स्कूटरवरून येताना भाषण तयार केलं होतं. त्यात ‘ज्येष्ठ सहकारी या नात्याने’ असे शब्द होते. त्यांच्यासमोर उभा राहिल्यावर त्यातलं काही आठवेना. मी म्हणालो, “बाई, काल ते मीच सांगितलं होतं त्यांना. प्रश्न विचारू नका, फळ्याकडे बघा, सगळं. त्यांचा दोष नाही. त्यांचा नेहमीचा तास वेगळा असतो.”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. चष्म्यावरून बघितलं. “त्यांचा नेहमीचा तास मी तिसऱ्या मजल्यावरून ऐकलाय. ताडी आंबट निघाली तेव्हा माझी दहावीसुद्धा उठून खिडकीपाशी गेली. मी पाठ बघायला आले होते ते तेच बघायला.”

माझं तोंड उघडं राहिलं.

“म्हणजे तुम्हाला गोंगाट...”

“कसला आहे ते बघायचं होतं, सर. सगळे गोंगाट सारखे नसतात.” मग त्यांनी मस्टर पुढे ओढलं. “तुम्ही काल आला असता तर बरं झालं असतं. काल ती सांगलीची पोरगी शाळा सुटल्यावर इथे येऊन विचारून गेली, राजीनामा स्वतः दिला तर पुढे दुसरीकडे त्रास होणार नाही ना. मी शेरा लिहिलेला नाही अजून. शुक्रवारी परत पाठ बघते. तुम्ही माझ्याबरोबर मागच्या बाकावर बसायचं. आणि सर, बोलायचं नाही. तुम्हाला सवय आहेच.”

नव्या बाईंना मी प्रयोगशाळेत गाठलं. त्या बाटल्या धूत होत्या. मी माफी मागितली. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे ती लांबली. त्यात माझ्या सुरुवातीच्या दिवसांची एक आठवणही आली, जिचा संबंध नव्हता. त्यांनी नळ बंद केला.

“सर, सल्ल्याचा राग नाही आला मला. मीच विचारलं होतं. तुम्ही ऑफिसात कपाटाकडं बघत होता, त्याचा आला.”

“हो,” मी म्हणालो.

“काय होतं हो त्या कपाटात?”

“कबड्डी. उपविजेते.”

त्या हसल्या नाहीत. त्या हसतील असं वाटून मी थांबलो होतो, ते थांबणंही त्यांना दिसलं.

शुक्रवारी मी नववी ‘क’च्या शेवटच्या बाकावर बसलो. बाक माझ्या गुडघ्यांना लहान होता. एका बाजूला मोठ्या बाई, दुसऱ्या बाजूला ती चांदणीवाली मुलगी, दोन वेण्या आणि बोटांना वाळलेला डिंक. नव्या बाई आत आल्या. चेहरा पांढरा पडलेला, पण आल्या त्या थेट मुलांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. हळद लावलेल्या कागदाच्या ओंजळभर पट्ट्या त्यांनी वाटल्या आणि विचारलं, “आईच्या हळदीच्या हाताला साबण लागला की काय होतंय, कुणी बघितलंय?”

बस्स. पुढे मला काही सांगता येणार नाही, कारण ऐकूच येत नव्हतं. पट्ट्या लाल झाल्या तशी पोरं बाकावर चढली. एकाने विचारलं, चुन्याने का होते लाल? दुसऱ्याने विचारलं, मग लिंबाने परत पिवळी होईल का? नव्या बाई म्हणाल्या, “मला विचारू नका, करून बघा.” ते झालं, आणि ओरडण्याचा असा स्फोट झाला की खालच्या मैदानातला मांडववाला वर बघायला लागला. पीटीचे सर दारात येऊन गेले. ज्या मुलांचे चेहरे मी कधी बघितलेच नव्हते, उलट त्यांनीच माझी पाठ बघितली होती, ती मुलं तीन-तीनदा हात वर करत होती. मला ती ओळखीची वाटेनात. एक मुलगा तोतरा बोलतो हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या तासाला तो दोन वर्षं बसतोय.

मी आपल्या हातातली पट्टी बघत होतो. माझी लाल झाली नव्हती. मी साबण लावलाच नव्हता.

घंटा झाली. मोठ्या बाई उठल्या, पुढे गेल्या, नव्या बाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू काहीतरी बोलल्या. नव्या बाईंनी पटकन डोळे पुसले, हळदीच्याच हाताने, आणि गालावर पिवळा पट्टा उमटला. तेवढ्यावरून मला कळलं की धाकटा भाऊ आता येणार. मला खूप बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी शेजारच्या मुलीकडे वळून, जरा मोठेपणाने, जसं काही ह्यात माझाही वाटा आहे अशा आवाजात विचारलं, “काय गं, आवडला ना बाईंचा तास?”

“खूप,” ती म्हणाली. मग बोटांवरचा डिंक नखाने काढत, मनापासून, कुठलाही खोटेपणा नसलेल्या चेहऱ्याने तिने सांगितलं, “पण बाईंच्या तासाला काहीच काम होत नाही सर. हात मोकळाच मिळत नाही. मग सगळं तुमच्याच तासावर पडतं.”